चौदा विमानं भाड्यानं: चेक प्रजासत्ताकानं आपलं आकाश कसं राखलं

ऑगस्ट २००२ मध्ये व्ल्टावा नदीचं पाणी प्रागमध्ये घुसलं, मेट्रोचे बोगदे भरले, जुन्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या, आणि तेव्हा चेक सरकारच्या टेबलावर २४ नव्याकोऱ्या लढाऊ विमानांच्या खरेदीची फाईल होती. किंमत सुमारे ६० अब्ज कोरुना (कोरुना म्हणजे त्यांचं चलन). पूर ओसरला, नुकसानीचा आकडा ७० अब्जांच्या वर गेला, आणि ती फाईल बंद झाली. इथनंच ही केस मला इंटरेस्टिंग वाटायला लागते.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, डिफेन्स हा माझा धंदा नाही, पण वाचनाचा विषय वर्षानुवर्षं हाच. भाचा एअरफोर्सच्या परीक्षेची तयारी करतोय, रविवारी जेवायला आला की आमचं हेच चालतं. परवा तो म्हणाला, "मामा, आपल्याकडं फायटरच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, पाहिजेत आणि तिशीसुद्धा गाठत नाही म्हणून एवढी ओरड होते, मग ह्या एवढ्याएवढ्याश्या देशांनी काय करायचं? ते विमानं आणतात कुठनं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. त्याला तोंडी जे सांगितलं ते इथं नीट लिहून काढतोय, कारण मराठीत मोठ्या देशांच्या विमानांवर भरपूर लिहिलं जातं, लहान देशांच्या हिशोबावर फारसं कुणी बोलत नाही, आणि खरं शिकायला तिथंच मिळतं.

आधी देशाचा आकार डोळ्यासमोर आणा. चेक प्रजासत्ताक म्हणजे साधारण ७९ हजार चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यासारखे दहा जिल्हे एकाला एक लावले की झाला. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षा कमी. पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत पाचशे किलोमीटरसुद्धा नाही. आवाजाच्या वेगानं जाणारं विमान हा देश पंचवीसेक मिनिटांत पार करतं, म्हणजे कुणी घुसलं तर विचार करायला वेळच नाही. समुद्र नाही, चारी बाजूंनी दुसऱ्यांचं आकाश.

१ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकिया फुटला आणि घरवाटणी झाली. बाकीचं बरंचसं सैनिकी सामान दोनास एक ह्या प्रमाणात वाटलं, पण मिग-२९ मात्र निम्मी निम्मी, दहा ह्यांना, दहा स्लोव्हाकियाला. आता दहा विमानांचं करायचं काय? स्पेअर पार्ट रशियातनं, ओव्हरहॉल रशियात, आणि देशाला तर जायचंय पश्चिमेकडं. चेक लोकांनी ती दहाच्या दहा पोलंडला देऊन टाकली आणि बदल्यात ११ सोकोल हेलिकॉप्टर घेतली. अक्षरशः अदलाबदल. त्यावर आजही तिथं वाद होतो, कारण हातातलं सगळ्यात चांगलं फायटर गेलं आणि उरली ती म्हातारी मिग-२१. आपल्याला मिग-२१ वेगळी सांगायला नको, आपली शेवटची २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चंदीगडला निवृत्त झाली तेव्हा कितीतरी घरात डोळे पाणावले असतील.

दुसरीकडं त्यांची स्वतःची विमान कंपनी होती, एरो वोडोखोडी, जिचं एल-३९ ट्रेनर जगभर उडालं. तिला काम मिळावं आणि हवाई दलाला विमान मिळावं म्हणून १९९७ ला ७२ एल-१५९ ची ऑर्डर दिली. हलकं, एका पायलटचं, जमिनीवरच्या टार्गेटसाठी चांगलं विमान. पण आवाजापेक्षा हळू. पुढं सैन्यच लहान करायचं ठरलं आणि ७२ पैकी फक्त २४ ठेवायचं नक्की झालं, बाकीची नवी कोरी विमानं झाकून उभी. गिऱ्हाईक शोधता शोधता कित्येक वर्षं गेली, शेवटी काही इराकनं घेतली, काही अमेरिकेतल्या ड्रेकन नावाच्या खाजगी कंपनीनं, जी सरावात शत्रूची भूमिका करते. माझ्या मते ह्या केसमधली सगळ्यात महाग चूक ही होती. कारखाना जगवायचा म्हणून गरजेच्या तिप्पट माल उचलायचा हे सरकारला स्वस्त वाटतं कारण बिल हळूहळू येतं.

नेमकी गरज काय होती

१२ मार्च १९९९ ला चेक, पोलंड आणि हंगेरी नाटोत गेले. नाटोत गेलं की आकाशाची राखण एकत्र चालते, पण तुमच्या वाट्याची ड्युटी तुम्ही करायची असा दंडक. ती ड्युटी म्हणजे दोन फायटर चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस, इंधन आणि शस्त्रं भरून तयार, आणि हुकूम आल्यापासून १५ मिनिटांच्या आत आकाशात.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते बघण्यासारखं आहे, कारण पिक्चरमध्ये दाखवतात तसं डॉगफाईट वगैरे त्यात जवळपास नसतं. समजा एखादं प्रवासी विमान जर्मनीकडनं आलं आणि कंट्रोलला उत्तर देईना. बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सी बदलताना घोळ झालेला असतो किंवा रेडिओ बिघडलेला असतो. पण ११ सप्टेंबर २००१ नंतर "बहुतेक वेळा" वर कुणी थांबत नाही. अलार्म वाजतो, पायलट सूट घालूनच बसलेले असतात ते पळत जातात, दोन विमानं उठतात. एक मागं राहून नजर ठेवतं, दुसरं डाव्या बाजूनं, थोडं पुढं जाऊन, समोरच्या कॅप्टनला दिसेल असं उभं राहतं, आणि पंख हलवतं. ह्याचा अर्थ जगभर एकच, तुला अडवलंय, माझ्यामागं ये. समोरच्यानं पण पंख हलवून होकार द्यायचा आणि १२१.५ मेगाहर्ट्झ ह्या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. कॉकपिटमध्ये पायलट शुद्धीवर आहे का, कुणी घुसलंय का, हे डोळ्यांनी बघायचं. रडार हे काम करू शकत नाही, मिसाईल तर नाहीच नाही. त्यासाठी माणूस बसलेलं आणि प्रवासी विमानाला आरामात गाठणारं विमान लागतं. एअरलायनर ताशी साडेआठशे नऊशे किलोमीटरनं जातं, एल-१५९ चा कमाल वेग त्याच्या जरासाच वर, म्हणजे मागनं पळत गाठायचं म्हटलं तर सीमा संपते. तर ७२ विमानं ऑर्डर करूनसुद्धा हे एक काम अडलेलंच होतं.

आता दोन विमानं चोवीस तास तयार ठेवायला एकूण किती लागतात? दोन ड्युटीवर, त्यातलं एखादं ऐनवेळी बिघडलं तर बदली तयार, काही मेंटेनन्समध्ये उघडलेली, काही पायलटांच्या सरावाला, एखादं मोठ्या दुरुस्तीला. हे सगळं धरून आकडा बारा चौदाच्या आसपास येतो. चोवीस नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

टेंडर, संसद आणि पूर

२००१ ला सुपरसॉनिक फायटरचं टेंडर निघालं. मोठमोठ्या कंपन्या आल्या, मग एकेक करून बाहेर पडल्या, अटी बरोबर नाहीत असं म्हणत, आणि शेवटी शर्यतीत उरलं फक्त स्वीडनचं ग्रिपेन, तिथली साब कंपनी आणि ब्रिटनची बीएई कंपनी मिळून विकत होते ते. एकच घोडा धावला आणि तोच पहिला आला. डिसेंबर २००१ मध्ये सरकारनं २४ ग्रिपेन घ्यायचं जाहीर केलं. पैशाचं विधेयक संसदेत गेलं आणि तिथं अडकलं. नवीन सरकार आलं, ते विचार करतंय तोवर पूर.

कोल्हापूरकरांना हा भाग समजावून सांगायची गरजच नाही. २०१९ ला पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, जिथं ४३ फुटाला धोका पातळी आहे. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, शहर तुटलेलं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात, नेव्हीच्या बोटी आणि हेलिकॉप्टर येऊन माणसं काढतायत. सैनिक टाकळी, जिथं घरटी एक माणूस फौजेत म्हणतात, ते गाव पण त्याच शिरोळ तालुक्यातलं. तेव्हा आपल्यापैकी कुणालाही विचारलं असतं की आधी काय, विमान की घर, तर उत्तर एकच आलं असतं. चेक सरकारनं तेच उत्तर दिलं. आणि गंमत नाही, शेजारी ऑस्ट्रियात पण त्याच पुरानं तेच केलं, तिथं २४ युरोफायटर घ्यायचे होते ते १८ वर आले आणि पुढं २००७ ला १५ वर.

पण राखणीची गरज पुरात वाहून गेली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रागलाच नाटोची शिखर परिषद होती, एवढे राष्ट्रप्रमुख एका शहरात, आणि आकाशाच्या राखणीला अमेरिकन विमानांची मदत घ्यावी लागली. मिग-२१ चं आयुष्य संपत आलं होतं. पैसे नाहीत, विमान पाहिजे, आणि वेळ दोन-तीन वर्षं.

भाड्याचा मार्ग

मग त्यांनी प्रश्न उलटा केला. कुणाकडं जादा विमानं आहेत? अमेरिका, बेल्जियम आणि नेदरलँड्सकडनं वापरलेल्या एफ-१६ चे, कॅनडाकडनं सीएफ-१८ चे पर्याय आले. आणि स्वीडन परत आलं, पण ह्यावेळी कंपनी पुढं नव्हती, सरकार पुढं होतं. कारण स्वीडनचं स्वतःचं दुखणं होतं. शीतयुद्धाच्या हिशोबानं त्यांनी २०४ ग्रिपेन मागवले होते आणि सोव्हिएत संघ गेल्यावर त्यांना तेवढ्यांची गरज उरली नव्हती. लाईनवरनं नवी विमानं येतायत आणि ठेवायची कुठं हा प्रश्न.

१४ जून २००४ ला करार झाला. १४ ग्रिपेन, त्यातली १२ एका सीटची आणि २ दोन सीटची, दहा वर्षांसाठी, सुमारे २० अब्ज कोरुना. सरकार ते सरकार.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एखादी ऑर्डर किती वर्षं टिकेल ह्याचा भरवसा नसेल तर शहाणा माणूस कर्ज काढून नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घेत नाही, ज्याच्याकडं रिकामं मशीन उभं आहे त्याच्याकडनं भाड्यानं घेतो, ऑपरेटरचं ट्रेनिंग त्याच्याच गळ्यात टाकतो, आणि हप्त्याचं ओझं डोक्यावर न घेता काम सुरू करतो.

आता रफ हिशोब मांडू. खरेदीत एक विमान अडीच अब्ज कोरुनाला पडत होतं. भाड्यात वर्षाला दोन अब्ज, भागिले चौदा, म्हणजे एका विमानाला वर्षाला साधारण १४ कोटी कोरुना. त्या भावानं विमानाची पूर्ण किंमत भरायला सतरा वर्षं लागतील. पॅकेजेस वेगवेगळी आहेत त्यामुळं हा हिशोब तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. मला विचाराल तर खरी बचत दरात झालीच नाही, ती २४ चे १४ झाले तिथं झाली. पूर आला नसता तर कुणी तो आकडा परत तपासला असता का, मला शंका आहे. २४ हा आकडा इभ्रतीचा होता, १४ हा ड्युटी चार्टवरनं आलेला होता.

विमानाची निवड पण लहान देशाला शोभणारी. ग्रिपेन बनलंच मुळी महामार्गाच्या तुकड्यावरनं उडायला आणि एका टेक्निशियननं पाच नवख्या पोरांना हाताशी धरून दहा मिनिटांत परत भरून सोडायला. एकच इंजिन, आणि ते अमेरिकेच्या एफ४०४ इंजिनावरनं बनवलेलं, म्हणजे आपल्या तेजसच्या इंजिनाचा भाऊबंद. मोठं रशियन दोन इंजिनांचं विमान सांभाळायला जेवढी माणसं आणि इंधन लागतं त्याच्याशी ह्याची तुलनाच नाही. लहान हवाई दलात पायलटपेक्षा मेकॅनिकची टंचाई आधी जाणवते, हे कुणी लक्षात घेत नाही.

१८ एप्रिल २००५ ला पहिली ग्रिपेन चास्लाव तळावर उतरली, ऑगस्टपर्यंत सगळी चौदा आली, आणि १ जुलैपासूनच मिग-२१ ची जागा घेऊन ड्युटी सुरू झाली. सहीपासून वर्षभरात! आपल्याकडं एका मीटिंगची तारीख ठरायला एवढा वेळ जातो.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. २००९ ला हीच विमानं लिथुआनियात गेली. एस्टोनिया, लॅटविया, लिथुआनिया ह्या तिघांकडं स्वतःचं एकही लढाऊ विमान नाही, २००४ पासून बाकीचे नाटो देश पाळीपाळीनं तिथं राखण करतात. आइसलंडकडं तर सैन्यच नाही, तिथंही चेक ग्रिपेन गेली. २०१४ ला करार वाढवला, २०२७ पर्यंत, भाडं आधीपेक्षा कमी करून घेतलं आणि अपग्रेड पण पदरात पाडून घेतला. भाडेकरू चांगला असला आणि मालकाकडं दुसरं गिऱ्हाईक रांगेत नसलं की घासाघीस जमते.

सगळ्यात मोठी परीक्षा २०२२ ला. आठवतंय ना, वाटणीत दहा मिग-२९ स्लोव्हाकियाला पण गेली होती? स्लोव्हाकियानं ती सांभाळली, वाढवली, जपली, पण रशियाचे टेक्निशियन आणि रशियाचे पार्ट ह्याशिवाय ती चालेनात, आणि युक्रेनवर हल्ला झाल्यावर ते नातंच तुटलं. नवीन १४ एफ-१६ ची ऑर्डर २०१८ लाच दिली होती पण ती उशिरानं येणार होती. ऑगस्ट २०२२ ला मिग-२९ थांबली आणि १ सप्टेंबरपासून स्लोव्हाकियाचं आकाश चेक आणि पोलंडनं राखायला घेतलं. भाड्याच्या चौदा विमानांतनं दोन देशांची ड्युटी. पुढं २०२३ ला स्लोव्हाकियानं १३ मिग-२९ युक्रेनला दिली. १९९५ ला चेक लोकांनी मिग-२९ देऊन टाकली तेव्हा ज्यांनी शिव्या घातल्या त्यांना मी एवढंच म्हणेन, हा पण शेवट बघा.

डाग आणि मर्यादा

हे सगळं गोड गोड नव्हतं. ग्रिपेनच्या व्यवहारात दलालांमार्फत पैसे वाटल्याचे आरोप झाले, अनेक देशांत तपास झाले. २०१० ला बीएईनं अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, खोटी माहिती दिल्याचा, आणि त्यात चेक आणि हंगेरीच्या ग्रिपेन व्यवहारांचा पण संबंध होता. दंड ४० कोटी डॉलर. ह्याचा राग मला आजही येतो, कारण चांगला निर्णय झाला तरी त्याच्यावरचा विश्वास असल्या पैशानं मरतो, आणि पुढच्या प्रामाणिक खरेदीला पण लोक चोर म्हणायला लागतात. बोफोर्स नंतर आपल्याकडं तोफखान्याची किती वर्षं वाया गेली ते आपण बघितलंय.

दुसरी मर्यादा म्हणजे मालकी. वीस वर्षं भाडं भरून विमान तुमचं होत नाही. मोडता येत नाही, विकता येत नाही, मिग-२९ सारखं कुणाला देताही येत नाही.

आणि तिसरी, जी २०२२ नंतर डोळ्यात भरली. चौदा विमानं पोलिसगिरीला पुरतात, युद्धाला पुरत नाहीत. ड्रोन आणि क्रूझ मिसाईलच्या लाटा आल्या तर प्रत्येकामागं फायटर पाठवणं परवडतच नाही, तिथं जमिनीवरनं मारा करणारी यंत्रणा लागते. त्यांच्याकडं होती सोव्हिएत काळातली कुब नावाची मिसाईल यंत्रणा. २०२१ ला इस्रायलच्या राफाएलकडनं स्पायडर ह्या विमानविरोधी मिसाईल यंत्रणेच्या चार बॅटरी, म्हणजे तुकड्या, घ्यायचा करार झाला, साधारण १३.७ अब्ज कोरुनाचा, आणि त्याच्या आधीच २०१९ ला इस्रायली मोबाईल रडार मागवले होते, आठ. रडार आधी, मिसाईल नंतर, हा क्रम मला फार पटतो. दिसलंच नाही तर मारणार काय.

आता

जानेवारी २०२४ ला चेक सरकारनं अमेरिकेशी २४ एफ-३५ चा करार केला. ग्रिपेन पुढं चालवा म्हणून स्वीडननं आग्रह धरला होता. सगळं धरून खर्च २०३४ पर्यंत १५० अब्ज कोरुनांच्या घरात, म्हणजे २००१ ला जो आकडा जड वाटला त्याच्या अडीचपट. परत २४! भाच्यानं लगेच विचारलं, "मामा, मग २४ आकडा तुम्हीच चुकीचा म्हणालात ना?" चुकीचा होता, तेव्हाच्या कामासाठी. आता काम बदललंय, पूर्वेला प्रत्यक्ष युद्ध चालू आहे आणि एकत्र लढायची वेळ आली तर आपलं विमान शेजाऱ्यांच्या यंत्रणेत बसलं पाहिजे, पोलंड, जर्मनी, बेल्जियम सगळे एफ-३५ कडं गेलेत. तरी मला धास्ती वाटते ती खरेदीच्या बिलाची नाही, तासाला येणाऱ्या उडवण्याच्या खर्चाची आहे. ग्रिपेन स्वस्तात उडायचं म्हणून पायलटांचा हात चालू राहायचा. महाग विमान हँगरमध्ये जास्त राहतं आणि पायलट सिम्युलेटरवर.

एफ-३५ यायला २०३१ उजाडणार आणि सगळी यायला २०३५. मधल्या खिंडीसाठी २०२५ ला १२ ग्रिपेनचा करार २०३५ पर्यंत वाढवलाय. दहा वर्षांची म्हणून घेतलेली तात्पुरती सोय तीस वर्षं चालणार. ह्यात खरी अडचण विमानांची नाही, माणसांची आहे. ह्याच मोजक्या पायलटांतले काही अमेरिकेत एफ-३५ शिकायला जाणार, आणि चास्लावला दोघांनी पंधरा मिनिटांच्या तयारीत बसायचं ते रोज बसायचंच आहे. त्यांनी पायलटांची भरती किती आधीपासून वाढवली ते बघायला लागेल.

भाच्याला आता हंगेरी वाचायला सांगितलंय. त्यांनी पण १४ च ग्रिपेन भाड्यानं घेतले, पण मुदत संपल्यावर मालकी आपली होईल अशा बोलीवर, आणि २०२४ ला आणखी चार मागवले. एकच विमान, एकच आकडा, दोन वेगळे करार. पुढच्या रविवारी तो दोन्हीचे हिशोब शेजारी मांडून आणणार आहे.